विषय: रूट कॅनॉल इथे, कॅप पुण्यात – चालेल का?

मेधा:
मंडळी, कोजागिरीला ज्या दाढेपायी मी मसाला दूध न घेताच निघाले, तिचं रूट कॅनॉल मंगळवारी आहे. डेंटिस्ट म्हणतात, कॅपही लगेच बसवा. आम्ही डिसेंबरात पुण्याला जाणारच आहोत, तेव्हा तिथेच करू, असं ह्यांचं म्हणणं. कुणी केलंय असं? सोमवारी फोन करून सांगायचंय.

श्रीकांत:
मेधाताई, इथेच करा. इंग्लंडात एनएचएसवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, दर बँडनुसार (टप्प्यांनुसार) असतात: रूट कॅनॉल बँड 2, कॅप बँड 3. एप्रिल 2025 मध्ये हे दर 75.30 आणि 326.70 पौंड झाले होते. दोन्ही एकाच कोर्समध्ये झालं तर फक्त बँड 3 चे पैसे लागतात, बँड 2 चे वेगळे पैसे वाचतात. ट्रीटमेंट प्लॅनवर कॅप आत्ताच लिहून घ्या. वर्षाच्या आत निघाली तर सहसा त्याच दवाखान्यात फुकट बसवून देतात. पुण्याची कॅप निघाली तर इथे कुणाकडे जाणार?

वंदना:
श्रीकांत, अर्धंच सांगितलंस. मागच्या दाढेला एनएचएसवर बऱ्याचदा धातूची कॅप देतात, पांढरी हवी तर प्रायव्हेट. मी पुण्यात झिरकोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) केली, अजून हललेली नाही.

श्रीकांत:
धातूची काही वाईट नसते. तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते. आणि शेवटची दाढ दिसते कुणाला?

वंदना:
हसताना मला दिसते.

सेक्रेटरी:
ही लिस्ट दिवाळी पहाटच्या नोंदणीसाठी मोकळी ठेवायचं बैठकीत ठरलंय. तब्येतीचे प्रश्न आरोग्य गटाकडे पाठवावेत.

अनघा (डेंटिस्ट):
आरोग्य गटात मीच आहे, म्हणून इथेच लिहिते. मेधा, रंग आणि पैसे नंतर बघ. रूट कॅनॉलसाठी दाढ आतून बरीच कोरली जाते, उरलेल्या भिंती पातळ होतात. भाकरीचा कडक तुकडा किंवा चकली चावताना ती उभी चिरते. चीर हिरडीखाली गेली की दाढ काढावीच लागते, मग झिरकोनिया कशावर बसवणार? समोरच्या दाताला कॅप नाही लागली तरी अनेकदा चालतं, दाढेला नाही. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिरपायला लागतं, जंतू परत आत शिरतात. पुण्यालाच करायचं असेल तर मंगळवारी पक्कं फिलिंग मागून घे, त्या बाजूने चावू नकोस आणि एक्स-रे सोबत ने. पण माझं मत विचारशील तर डिसेंबरपर्यंत थांबू नकोस.

प्रज्ञा:
अनघाताई, धागा निघालाच आहे तर विचारते. चिन्मय चार वर्षांचा आहे. शाळेतून फ्लोराइड वार्निशचं (दात किडू नयेत म्हणून लावतात त्या लेपाचं) पत्र आलंय, सासूबाई नको म्हणतात.

अनघा:
लाव. इंग्लंडात तीन वर्षांपासून पुढे वर्षातून दोनदा लावायला सांगतात, मुलांना एनएचएसवर पैसे नाहीत. आणि रात्री ब्रश झाल्यावर नुसतं थुंकायला शिकव, चूळ भरली की पेस्टमधलं फ्लोराइड वाहून जातं.

मेधा:
सोमवारी दोन्हींची वेळ मागते. श्रीकांत, प्लॅनच्या फॉर्मवर नेमकं कुठे लिहून घ्यायचं?