व्हर्च्युअल डेटाबेस फिजिकल करायचा तर कधी आणि कसा? (ओरॅकल 19सी, डेल्फिक्स, एएसएम)

रेडो_लॉग:
मंडळी, डेल्फिक्सवर (मूळ डेटाबेसचे ब्लॉक सामाईक वापरून आभासी कॉपी देणारं इंजिन) एक व्हीडीबी, म्हणजे व्हर्च्युअल डेटाबेस, आहे. ओरॅकल 19सी, नॉन-सीडीबी, डेटाफाइल्स 1.2 टीबी, आर्काइव्हलॉग मोड. टेस्टसाठी काढला होता, आता त्यावर रोजचे रिपोर्ट चालतात. 14 महिने रिफ्रेश (मूळ डेटाबेसवरून ताजा करणं) नाही. इंजिन या एका व्हीडीबीची जागा 780 जीबी दाखवतंय. होस्टवर एएसएम (ओरॅकलची स्वतःची डिस्क व्यवस्था) तयार आहे. हा फिजिकल, म्हणजे इंजिनवर न विसंबणारा स्वतंत्र डेटाबेस, करावा का? केला तर इंजिनमधला व्हीटूपी (व्हर्च्युअल टू फिजिकल) वापरू की आरमॅन (ओरॅकलचं बॅकअप साधन)? डाउनटाइम अर्ध्या तासाच्या वर मिळणार नाही.

ब्लॉक_बाय_ब्लॉक:
करा. व्हीडीबीचा फायदा दोनच गोष्टींत: मूळ ब्लॉक सामाईक राहतात आणि हवं तेव्हा रिफ्रेश किंवा रिवाइंड करता येतं. तुम्ही दुसरं वापरत नाही आणि पहिलं जवळजवळ संपलंय. इंजिनचा 780 हा आकडा कॉम्प्रेस झाल्यानंतरचा असतो, म्हणजे प्रत्यक्षात बदललेले ब्लॉक त्याहून जास्त. शिवाय ज्या स्नॅपशॉटवरून व्हीडीबी काढला तो 14 महिने अडकून पडलाय. व्हीडीबी जिवंत असेपर्यंत तो रिटेन्शनमध्ये (जुने स्नॅपशॉट आपोआप काढण्याच्या नियमात) उडत नाही, आणि ती जागा या व्हीडीबीच्या नावावर दिसतही नाही.

फिजिकल करण्याची बाकी कारणं म्हणजे मायग्रेशनचा कटओव्हर (जुन्यावरून नव्यावर जाणं), प्रॉडक्शन गेल्यावर कॉपीलाच प्रॉडक्शन करणं, आणि आय/ओचे खरे आकडे हवे असलेली लोड टेस्ट. चार टेबलं परत हवीत म्हणून मात्र कोणी हे करू नये. व्हीडीबीतून डेटापंपने (ओरॅकलचं एक्स्पोर्ट साधन) काढा, काम संपलं.

व्हीटूपी स्नॅपशॉटवरून कॉपी काढतो. त्यानंतर व्हीडीबीत जे लिहिलं गेलं ते कॉपीत नसतं. लिहिता डेटाबेस हलवायचा तर आरमॅनच.

चेकपॉइंट_करा:
क्रम असा ठेवा. आधी फोर्स लॉगिंग चालू करा, म्हणजे प्रत्येक बदल रेडोत (बदलांच्या नोंदीत) जाईल. रिपोर्टच्या डेटाबेसवर नोलॉगिंगचे लोड हमखास असतात, आणि शेवटच्या इन्क्रिमेंटलनंतर झालेला असा लोड रेडोतून परत येत नाही, ब्लॉक करप्ट म्हणून उघडतात. मग डेटाबेस चालू असतानाच 'बॅकअप अ‍ॅज कॉपी इन्क्रिमेंटल लेव्हल 0 डेटाबेस', म्हणजे पूर्ण कॉपी, टॅग देऊन, फॉरमॅट डेटा डिस्कग्रुप (एएसएममधला डिस्कचा गट). चॅनेल (समांतर प्रोसेस) 4 ते 8.

कटओव्हरच्या दिवशी लेव्हल 1 (फक्त बदललेले ब्लॉक) 'फॉर रिकव्हर ऑफ कॉपी', तोच टॅग, आणि लगेच 'रिकव्हर कॉपी'. हे दोनदा-तीनदा करून अंतर कमी करत आणा. इथपर्यंत डाउनटाइम शून्य. मग एसपीफाइलमध्ये (सेटिंग्जची फाइल) कंट्रोल फाइल्सचा (कोणत्या फाइल्स कुठे हे ठेवणाऱ्या) पॅरामीटर डिस्कग्रुपकडे वळवा, शटडाउन इमिजिएट, नोमाउंट, जुन्या पाथवरून कंट्रोलफाइल रिस्टोअर, माउंट, 'स्विच डेटाबेस टू कॉपी', 'रिकव्हर डेटाबेस', ओपन. एवढ्याला 10-15 मिनिटं.

रेडो_लॉग:
लेव्हल 0 ला किती वेळ धरू? डिस्कग्रुप नॉर्मल रिडंडन्सीचा आहे, फ्री एमबी 1.6 टीबी दिसतंय.

चेकपॉइंट_करा:
मग जागा नाही! नॉर्मल रिडंडन्सीत सगळं दोनदा लिहिलं जातं, 1.2 टीबीला कच्ची 2.4 लागते. फ्री एमबी बघू नका, 'युजेबल फाइल एमबी' बघा. इमेज कॉपी रिकामे ब्लॉकही उचलते, म्हणून फुगलेल्या डेटाफाइल्स आधी रिसाइझ करा. वेळेचं गणित सरळ आहे: 1 गिगाबिटच्या लाइनवर सेकंदाला 110 एमबीच्या आसपास, म्हणजे तीन तास. 10 गिगाबिटवर 500-600 एमबी मिळाले तर 40 मिनिटांत उरकतं.

ब्लॉक_बाय_ब्लॉक:
वरच्या क्रमात एक राहिलं. स्विच फक्त डेटाफाइल्सचा होतो. टेम्प आणि ऑनलाइन रेडो अजून एनएफएसवरच (इंजिन ज्या नेटवर्क माउंटवरून फाइल्स देतं त्यावर) असतात, आणि घोळ तिथेच होतो. डिस्कग्रुपवर नवे रेडो ग्रुप टाका, लॉग स्विच करा, जुने ड्रॉप करा. ओरा-01624 आला तर ग्रुप अजून अ‍ॅक्टिव्ह आहे. 'ऑल्टर सिस्टिम चेकपॉइंट' द्या आणि पुन्हा ड्रॉप करा. नवी टेम्पफाइल जोडून जुनी काढा. ब्लॉक चेंज ट्रॅकिंगची (बदललेल्या ब्लॉकांची नोंद) फाइल चालू असेल तर तीही हलवा. डीबीएस फोल्डरमधली इनिट फाइल माउंटवरच्या एसपीफाइलकडे बोट दाखवत असेल, तर एसपीफाइलही एएसएममध्ये घ्या. व्हीडीबीचा एसजीए (ओरॅकलची सामाईक मेमरी) सहसा लहान ठेवलेला असतो, तो याच रीस्टार्टमध्ये वाढवा.

डीबीआयडी (डेटाबेसचा ओळख क्रमांक) मूळ डेटाबेसचाच असेल तर त्याच रिकव्हरी कॅटलॉगमध्ये (आरमॅनच्या नोंदवहीत) रजिस्टर करू नका. 'एनआयडी' या ओरॅकलच्या साधनाने तो बदला, रिसेटलॉग्जने उघडा आणि लगेच फुल बॅकअप घ्या, कारण आधीचे बॅकअप त्यानंतर कामाचे नाहीत.

रेडो_लॉग:
आणि इंजिनमधून व्हीडीबी कधी काढू?

चेकपॉइंट_करा:
आधी इंजिनमध्ये काहीही डिसेबल करू नका. फाइल्स उघड्या असताना माउंट गेला तर हार्ड माउंटवरच्या प्रोसेस 'डी' स्टेटमध्ये (आय/ओची वाट बघत) लटकतात, किलही होत नाहीत, 'डीएफ'सुद्धा अडकतं. डायरेक्ट एनएफएस (ओरॅकलचा स्वतःचा एनएफएस क्लायंट) असेल तर उघड्या फाइल्स दाखवणाऱ्या नुसत्या 'एलसॉफ'वर विसंबू नका, व्ही डॉलर डीएनएफएस फाइल्स हा व्ह्यू बघा. तो रिकामा, आणि डेटाफाइल, टेम्पफाइल, लॉगफाइल, कंट्रोलफाइल या चारही व्ह्यूंत माउंटचा पाथ शून्य ओळींत, तेव्हाच डिसेबल. डिलीट मात्र महिनाअखेरचे रिपोर्ट निघाल्यावर. आणि मधल्या काळात आरमॅनमधून 'डिलीट कॉपी' चालवू नका: स्विचनंतर एनएफएसवरच्या जुन्या फाइल्स त्याच्या लेखी कॉपीच असतात.