स्टोइक तत्त्वज्ञान गटात वाचायचंय: सुरुवात कुठून करावी, आणि चर्चा भरकटू नये म्हणून काय करावं?

कट्टेकरी

ठाण्यात आमचा सात-आठ जणांचा वाचनगट आहे. दर दुसऱ्या रविवारी दीड तास बसतो. पुढचे सहा महिने, म्हणजे साधारण बारा बैठका, स्टोइकांना, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांच्या एका पंथाला, द्यायच्या असं ठरतंय. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचं 'आत्मचिंतन' इंग्रजीतून बहुतेकांकडे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू असं मत पडलं. ग्रीक-लॅटिन कुणालाच येत नाही.

विचारायचं हे की (१) मार्कसपासून सुरुवात बरोबर आहे का, (२) दीड तास कसा वाटून घ्यावा, आणि (३) दहा मिनिटांत गाडी एकतर गीतेवर जाते नाहीतर कुणाच्या तरी ऑफिसातल्या साहेबावर. त्याला आवर कसा घालायचा?

आडवाट

मार्कस शेवटाकडे ठेवा. ती एका माणसाची स्वतःसाठी केलेली टिपणवही आहे. तो स्वतःला आठवण करून देतोय, कुणाला काही पटवून देत नाहीये. त्यामुळे युक्तिवाद जवळजवळ नाहीतच, नुसते निष्कर्ष आहेत. गटात वाचायला घेतलं की प्रत्येक जण आपापलं आवडतं वाक्य वाचतो, बाकीचे मान डोलावतात आणि चहा येतो. त्यात पहिलं प्रकरण म्हणजे सतरा परिच्छेदांची ऋणांची यादी. पहिल्या बैठकीत त्यावर काय बोलणार? आणि त्याच यादीत, सातव्या परिच्छेदात, त्याचा गुरू रस्टिकस याने आपल्याजवळची एपिक्टेटस या आधीच्या स्टोइक गुरूची प्रत वाचायला दिली म्हणून मार्कस त्याचे आभार मानतो. तेव्हा तो ज्याचं वाचून शिकला त्याच्यापासूनच तुम्हीही सुरू करा.

एपिक्टेटसचं 'हस्तपुस्तक' घ्या. छोटी छोटी प्रकरणं, एका बैठकीला तीन-चार पुरतात. काही आवृत्त्यांत ती ५२ आहेत, काहींत ५३. गटात दोन वेगळे अनुवाद असले की मधल्या कुठल्या तरी प्रकरणापासून आकडे जुळेनासे होतात आणि पाच मिनिटं 'तुमचं कितवं, आमचं कितवं' यात जातात. गृहपाठ देताना आकड्याबरोबर प्रकरणाचे पहिले चार शब्दही द्या.

हस्तपुस्तकाची अडचण अशी की तो सारांश आहे. एरियन या शिष्याने गुरूच्या प्रवचनांतून काढलेला. सारांशात 'असं कर' राहिलं आणि 'का' गळलं. म्हणून प्रत्येक वेळी मूळ प्रवचनांतलं एक जोडीला घ्याच. (मूळ आठ भाग असावेत, आज हातात आहेत ते चार.) हस्तपुस्तक १ ला प्रवचनं १.१ (भाग १, प्रकरण १). नात्यांतल्या कर्तव्यांचं ३० वं प्रकरण आलं की २.१०, तिथे मुलगा, भाऊ, नगरसेवक या नावांतूनच कर्तव्य कसं ओळखायचं ते सविस्तर आहे. ४९ व्या प्रकरणात क्रिसिपस या जुन्या स्टोइकाचे ग्रंथ उलगडता येतात म्हणून ऐट मिरवणारा माणूस येतो, त्याला १.४ जोडा. तिथे एपिक्टेटस म्हणतो की पैलवानाला मी खांदे दाखव म्हटलं तर तो वजनं दाखवतो. वाचनगटाने हे प्रवचन लवकर वाचलेलं बरं.

बारा बैठकांचा हिशोब: आठ एपिक्टेटसला, तीन सेनेका या रोमन स्टोइकाला, शेवटची मार्कसच्या दुसऱ्या आणि पाचव्या प्रकरणाला.

दीड तासाचं: पहिली दहा मिनिटं मोठ्याने वाचन. सगळ्यांनी घरून वाचून आणलं असलं तरी. (आणलेलं नसतं.) नंतरची पंचवीस मिनिटं एकाच प्रश्नाला: 'तो म्हणतोय काय?' या वेळात कुणीही आपलं मत द्यायचं नाही. फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर त्याची गृहीतकं एकाखाली एक आणि खाली रेघ मारून निष्कर्ष. मग पंचवीस मिनिटं आक्षेप, पण प्रत्येक आक्षेप कागदावरच्या कुठल्या ओळीवर आहे ते बोट ठेवून सांगायचं. 'हे सगळं अव्यवहार्य आहे' हा आक्षेप नव्हे, कारण तो कुठल्याच ओळीवर बसत नाही. वीस मिनिटं एखादं उदाहरण घेऊन, उरलेली दहा पुढच्या वेळचं ठरवायला. घड्याळ बघणारा आणि चर्चा चालवणारा ही माणसं वेगळी असू द्या. एकच असला की रंगात येऊन घड्याळ विसरतो.

नदीकाठची

आडवाट यांच्याशी सहमत, पण हस्तपुस्तकाचं पहिलंच प्रकरण सर्वांत जास्त चुकीचं वाचलं जातं, त्याबद्दल लिहिते.

'काही गोष्टी आपल्या हातात, काही नाहीत.' लगेच कुणीतरी विचारतं, तब्येत? व्यायाम केला तर थोडी हातात आहेच की. मुलाची दहावी? अभ्यास घेतला तर थोडी हातात. मग गट तिसरा कप्पा काढतो, 'अंशतः हातात', आणि यादी भरत बसतो. काही आधुनिक लेखकांनीही तो काढलाय. पण एपिक्टेटसची विभागणी प्रभाव किती पडतो याची नाहीच. त्याच्या पहिल्या यादीत मत, कृतीकडे वळणं, इच्छा, नावड इतकंच आहे, म्हणजे ज्यात माझा निर्णय हाच सगळा ऐवज आहे अशा गोष्टी. शरीर दुसऱ्या यादीत आहे. रोज पळायला जाणाऱ्याचंसुद्धा. पळायला जायचं ठरवणं पहिल्या यादीत, गुडघा टिकणं दुसऱ्या. तिसरा कप्पा निघाला की हे उदाहरण असंच दोन तुकड्यांत कापून दाखवा. एकदा कापता आलं की बाकीची उदाहरणं लोक स्वतः कापतात.

दुसरा गैरसमज म्हणजे भावना दाबायच्या. यावर उपदेश करू नका, ऑलस गेलियस या रोमन लेखकाने लिहिलेला प्रसंग वाचा ('अ‍ॅटिक रात्री', १९.१). ग्रीसमधल्या कॅसिओपाहून इटलीतल्या ब्रुंडिसियमला जाणारं जहाज वादळात सापडतं. जहाजावर एक नावाजलेला स्टोइक असतो. गेलियस मुद्दाम त्याच्याकडे बघतो, तर गडी इतरांसारखाच पांढराफटक पडलेला. फक्त रडारड करत नाही. वादळ ओसरल्यावर एक श्रीमंत प्रवासी येऊन टोमणा मारतो. पुढे गेलियस स्वतः विचारतो तेव्हा तो झोळीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून देतो, म्हणजे आज हरवलेल्यांपैकी. त्यात असतं ते असं की पहिला दचका शहाण्यालाही बसतो, तो त्याच्या हातात नाही. 'हे खरंच भयंकर आहे' या विचाराला होकार द्यायचा की नाही, एवढंच त्याचं.

सेनेका 'क्रोधाविषयी'च्या दुसऱ्या भागात (२.४) हेच रागाबाबत तीन पायऱ्यांनी मांडतो. आधी नकळत उसळी. मग 'माझं नुकसान झालंय, तेव्हा बदला घेणं योग्य' हा निर्णय, जो अजून मागे घेता येतो. आणि तिसऱ्या पायरीला योग्य-अयोग्य सुटतं, काहीही करून बदलाच. गटासाठी कागदावर तीन रकाने आखा आणि एक प्रसंग भरा. लोक पहिला आणि तिसरा पटकन भरतात, मधला कोरा ठेवतात. खरी चर्चा तिथेच होते.

साहेबांच्या तक्रारींवरही इलाज एपिक्टेटसकडेच आहे, ३.८. 'अमक्याचा मुलगा वारला. काय झालं? मुलगा वारला. आणखी काही? काही नाही.' 'वाईट झालं' हे प्रत्येक जण पदरचं जोडतो. म्हणून नियम करा: स्वतःचं उदाहरण एका वाक्यात, विशेषणाशिवाय. 'साहेबांनी सुट्टी नाकारली.' बस. दुसरं वाक्य सुरू झालं की थांबवायचं. निम्म्या तक्रारी या नियमानेच गळतात.

जुनी_वही

गीतेचा प्रश्न. बंदी घालू नका, मोडली जाईल. त्याऐवजी सहा-सात बैठकांनंतर एक आख्खी बैठक द्या आणि तोवर 'गीतेत पण हेच आहे' असं कुणी म्हटलं की एका कागदावर टिपून ठेवा.

त्या बैठकीत 'दोन्ही एकच' किंवा 'दोन्ही वेगळे' असं सिद्ध करायला बसू नका, छोटे तुकडे शेजारी ठेवा. स्थितप्रज्ञाची लक्षणं (२.५५ ते ७२) आणि हस्तपुस्तकाचं ४८ वं प्रकरण, जिथे प्रगती करणाऱ्याच्या खुणा दिल्यात: कुणाला दोष देत नाही, कुणाची स्तुती करत नाही, आपण कुणीतरी आहोत असं बोलत नाही, स्वतःवर दबा धरून बसलेल्या शत्रूसारखी नजर ठेवतो. पहिला फरक लगेच दिसतो. गीता पोचलेल्या माणसाचं वर्णन करतेय, एपिक्टेटस वाटेवरच्या.

दुसरी जोडी आणखी चांगली. गीतेच्या २.६२-६३ मधली साखळी, म्हणजे विषयांचं चिंतन, संग, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश. आणि वर नदीकाठची यांनी सांगितलेल्या सेनेकाच्या तीन पायऱ्या. प्रश्न एकच विचारा: साखळी कुठे तोडता येते? सेनेकाला मधला निर्णय सापडतो आणि तो तिथे घाव घालतो. गीतेच्या साखळीत असा वेगळा 'होकार' नाही, कडी कडीतून निघत जाते, म्हणून तोडायची तर पहिल्या कडीपाशीच, इंद्रियं आवरून. स्टोइकांना इंद्रियांशी भांडण नाही, मताशी आहे. यावरून पुढे मोक्ष, पुनर्जन्म, आत्मा सगळं निघेल. स्टोइकांचं दैव जगातच भिनलेलं आहे आणि आत्मासुद्धा त्यांच्या लेखी पदार्थच, एवढं चालवणाऱ्याला माहीत असलं तरी पुरे.

अशीच आणखी एक बैठक-खाऊ गोष्ट: सेनेका गर्भश्रीमंत, सम्राट नीरोचा गुरू, आणि गरिबीवर पत्रं लिहितो! हा वाद दहा मिनिटांत उरकायचा असेल तर 'सुखी जीवनाविषयी' १७-१८ वाचा. आरोप त्याने स्वतःच, आपल्यापेक्षा धारदार मांडलाय. उत्तर पटतं का ते बघा आणि पुढे चला.

कट्टेकरी

खूपच उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. दोन बैठकांच्या मध्ये काही सराव द्यावा का? आणि हस्तपुस्तकाचं तिसरं प्रकरण, मुलाला जवळ घेताना तो मर्त्य आहे हे आठव, ते आमच्या गटात जड जाईल. एका सभासदाच्या घरी अलीकडेच दुःखद प्रसंग झालाय.

नदीकाठची

तिसरं प्रकरण बिनधास्त पुढे ढकला. तसंही ते एकटं वाचलं तर एपिक्टेटस दगड वाटतो. आधी १६ वं घ्या: दुःखी माणसाला शब्दांनी साथ द्यायला कचरू नकोस, वेळ आली तर त्याच्याबरोबर कण्हही, फक्त आतून कण्हू नकोस. मग प्रवचनं १.११, आणि तिसरं त्यानंतर.

१.११ हे माझ्या मते गटात वाचायला सर्वांत चांगलं. एक सरकारी अधिकारी येतो. मुलगी आजारी होती, बघवेना, म्हणून मी घरातून निघून गेलो, ती बरी झाल्याचा निरोप येईपर्यंत परतलो नाही, म्हणतो. सगळे बाप असेच वागतात, असंही वर. एपिक्टेटस रागवत नाही, एकेक विचारत जातो. हे योग्य होतं का? आईचं मुलीवर प्रेम होतं ना? मग तिनेही जायला हवं होतं? दाईने? म्हणजे ज्यांचं प्रेम जास्त त्यांनीच पोरीला एकटं टाकायचं? इथे प्रेम कमी कर असं तो कुठेच म्हणत नाही. प्रेमाच्या नावाखाली तू पळालास, आणि पळवलं प्रेमाने नाही, तुझ्या मताने, असं म्हणतो. दोघांनी दोन आवाजांत वाचा, नाटकाच्या वाचनासारखं.

आडवाट

सरावाला सेनेकाचा रात्रीचा झाडा पुरे ('क्रोधाविषयी', ३.३६). दिवा मालवल्यावर, बायको त्याची सवय माहीत असल्याने गप्प झाल्यावर, तो दिवसभराचं बोलणं-वागणं तपासतो. ही पद्धत त्याच्या आधीच्या सेक्स्टियस या तत्त्वज्ञाची. त्याचे तीन प्रश्न: आज कुठला दोष बरा केलास, कशाला विरोध केलास, कशात सुधारलास? पाच मिनिटं, दोन ओळी लिहून. पण ती वही बैठकीत वाचायची नाही हे पहिल्या दिवशीच सांगा. वाचायची आहे म्हटलं की माणूस गटासाठी लिहायला लागतो.

सेनेकाच्या अठराव्या पत्रातला गरिबीचा सराव, म्हणजे तीन-चार दिवस साधंसुधं खाणं आणि जाडंभरडं नेसणं, लगेच देऊ नका. आपल्याकडे त्याचा उपवास होतो, उपवासाची खिचडी होते, आणि मग कुणी किती दिवस केला याची चर्चा. द्यायचाच असेल तर हस्तपुस्तक ४७ आधी वाचा: फार तहान लागली असताना गार पाणी तोंडात घे, थुंकून टाक आणि कुणाला सांगू नकोस. गटातल्या सरावाला 'कुणाला सांगू नकोस' हा भाग फार अवघड जातो.

आणि एक राहिलं. चौथ्या-पाचव्या बैठकीत कुणीतरी विचारणारच की स्टोइकांच्या लेखी आरोग्य, पैसा, घर हे 'चांगलं' नाही तर मग मिळवायचं कशाला. एपिक्टेटसमध्ये याचं मुद्देसूद उत्तर एका जागी नाही. रोमन लेखक सिसेरोच्या 'साध्यांविषयी'च्या तिसऱ्या भागात केटो या स्टोइकाच्या तोंडून आहे: या गोष्टी निवडण्याजोग्या आहेत, पण सुख त्यांवर अवलंबून नाही. चालवणाऱ्याने तेवढं वाचून ठेवावं. चौथ्या भागात सिसेरो स्वतःच त्यावर तुटून पडतो, गटातल्या संशयवाद्याला तो द्या.

कट्टेकरी

ठरलं मग. पहिली बैठक हस्तपुस्तक १ आणि प्रवचनं १.१, आणि १.११ दोन आवाजांत चौथ्या बैठकीला. एपिक्टेटस कुणी वाचावा? आमच्याकडे एक काका आहेत, त्यांना बोलायला फार आवडतं, तेच मागतील.

नदीकाठची

काकांना अधिकाऱ्याची भूमिका द्या. सुरुवातीला त्याला गाऱ्हाणं मांडायला मिळतं, पुढे बहुतेक वेळ 'नाही', 'मुळीच नाही', 'असेल' एवढंच.