डोमेन डिझायनरच्या नावावर असेल तर?

प्रश्न: दापोलीजवळच्या आमच्या घरगुती निवासाचे संकेतस्थळ एका ओळखीच्या डिझायनरने केले आणि डोमेन (संकेतस्थळाचे नाव-पत्ता) आणि होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची जागा) हेही त्यानेच पाहिले. आता तो फोन उचलत नाही आणि डोमेनचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. पैसे आम्ही भरले, म्हणजे डोमेन आमचेच ना?

उत्तर १: तसे नाही. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, हे महत्त्वाचे. आधी 'हू-इज' नोंद, म्हणजे डोमेनची सार्वजनिक नोंद, पाहावी. मालकाचे नाव झाकलेले असले तरी रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) कोण आणि मुदत कधी संपते, हे तेथे कळते. नोंदणीचा ईमेल तुमचा असेल, तर पासवर्ड बदलून खाते ताब्यात घेता येईल. नसेल, तर पावत्या जोडून रजिस्ट्रारला लिहावे.

उत्तर २: होस्टिंग ही भाड्याची खोली, डोमेन ही दारावरची पाटी. खोली बदलता येते, पण पाटी गेली की छापलेली कार्डेही रद्दीत जातात. 'डॉट कॉम' दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना अधिकृतता कोड (डोमेनचा पासवर्डसारखा गुप्त कोड) लागतो. पुढच्या डिझायनरला काम द्याल, तेव्हा नोंदणी स्वतःच्या खात्यातूनच करावी.

प्रश्नकर्ता: पाहिले. ईमेल मुलीचा निघाला, तिलाच आठवत नव्हते!