अडीच रुपयांची वीज आणि संध्याकाळचे सात

काही जण म्हणतात, सौर वीज अडीच रुपये युनिटने मिळते, मग नुसते सोलर पार्क उभारत सुटा. २०१७ साली राजस्थानातल्या भाडला सोलर पार्कच्या लिलावात दर २.४४ रुपयांवर आला होता, हे खरंच. पण तो दुपारच्या युनिटचा भाव! संध्याकाळी सातला दिवे, पंखे, एसी एकदम लागतात तेव्हा ते युनिट कुठून आणणार? म्हणून नियोजन करताना वर्षातले ८,७६० तास एकेक करून मॉडेलमध्ये (म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवून बघणाऱ्या संगणकी गणितात) तपासावे लागतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने, म्हणजे देशाच्या विजेचं नियोजन करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२९-३० साठी असं गणित दोनदा मांडलं. २०२० च्या अहवालात वीज साठवायला लागणारी बॅटरी २७,००० मेगावॉट, पूर्ण भरली की चार तास पुरणारी. २०२३ च्या सुधारित अहवालात तीच ४१,६५० मेगावॉट, पाच तास पुरणारी. वर्ष तेच, गृहीतकं बदलली की उत्तर एवढं हलतं. त्यामुळे मॉडेलवर, मोजमापांवर आणि ते चालवणाऱ्या माणसांवर होणारा खर्च मला तरी उधळपट्टी वाटत नाही. एका चुकीच्या प्रकल्पापुढे तो चिल्लर आहे.

मॉडेलमध्ये काय काय धरावं लागतं, त्यासाठी आपल्या महाराष्ट्रातलंच बघा. साताऱ्याच्या पठारांवर वारा जोर धरतो तो पावसाळ्यात, नेमकं ऊन कमी असतं तेव्हा. साठवणीसाठी घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, म्हणजे जादा विजेने पाणी वर चढवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची. आणि शेतीपंप रात्रीऐवजी दिवसा चालवले (सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच) तर तेवढी वीज साठवायलाच नको. रात्री साप-विंचवातून पाणी द्यायला जाणं टळतं ते वेगळंच, ते कुठल्या मॉडेलात धरतात कोण जाणे.