विज्ञानकथा-संमेलनाची खोकी आणि घरच्यांच्या आठवणी: जतन कसं करावं? (चर्चामंचावरून; प्रत्येक उताऱ्याआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तळघर:
सासूसासऱ्यांनी अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये १९७४ ते १९८६ एक प्रादेशिक विज्ञानकथा-संमेलन चालवलं. खोक्यांत स्मरणिका, जांभळ्या शाईची पत्रकं, सभासद-याद्या, हॉटेलचा पत्रव्यवहार आणि चाळीसेक कॅसेट आहेत. दोघंही ऐंशीच्या पुढे. सुरुवात कशापासून करू? आणि त्यांच्या आठवणी कशा नोंदवू?

कागदकाम:
आधी खोकी तळघरातून वर आणा, दमटपणा सगळ्यात वाईट. पण क्रम मोडू नका. हात घालण्याआधी प्रत्येक थराचा फोटो काढा. बिनतारखेचा कागद कुठल्या गठ्ठ्यात होता, यावरूनच त्याचं वर्ष लागतं.

जांभळी पत्रकं म्हणजे डिट्टो यंत्राच्या, म्हणजे स्पिरिटवर चालणाऱ्या जुन्या प्रतयंत्राच्या, प्रती. तो रंग उजेडात उडतो, म्हणून स्कॅनिंग तिथून सुरू करा: ६०० डीपीआय, रंगीत, टिफ स्वरूपात. कृष्णधवल केलंत तर फिकट अक्षरं पांढऱ्यात विरून जातात. मिमिओग्राफची (स्टेन्सिलमधून छापणाऱ्या यंत्राची) शाई मात्र टिकाऊ. तिथे दगा देतो तो कागद. स्वस्त, आम्लयुक्त, घडीवर तुटणारा. त्याला ४०० डीपीआय पुरे. गंजलेल्या पिना ओढू नका. मागचे दोन पाय बोथट सुरीने उभे करा आणि पिन समोरून काढा. नंतर आम्लमुक्त फोल्डर, एका वर्षाला एक. डिट्टोच्या प्रती वेगळ्या ठेवा, रंग शेजारच्या पानावर उतरतो.

फीतवाचक:
कॅसेटवर ‘१२०’ (म्हणजे १२० मिनिटं) लिहिलं असेल तर ती शक्यतो एकदाच वाजवा. तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची, ताणली की गेली. वाजवण्याआधी कवचाच्या मागच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे कान मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही.

आवाज येतो-जातो, असं झालं तर फीत हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) दाबणारा छोटा फेल्टचा तुकडा बघा. गोंद सुकून तो गळतो. अशी फीत स्क्रूवाल्या नव्या कवचात घाला. आवाज दबका येत असेल तर हेडचा कोन जुळवा, ‘स’ आणि ‘श’ सर्वांत स्वच्छ ऐकू येईपर्यंत. हे दर कॅसेटला करावं लागतं, कारण रेकॉर्डर बदलत असत. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह स्वरूपात ठेवा; स्टीरिओत तासाला साधारण १ जीबी. खरखर काढायची ती फक्त प्रतीवर, मूळ फाइलवर कधीच नाही.

स्वागतकक्ष:
‘तेव्हा कसं होतं?’ विचारलंत तर ‘छान होतं’ एवढंच हाती लागेल. स्मरणिका त्यांच्या हातात द्या आणि शुक्रवार दुपारपासून सुरू करा. हॉटेल दालन किती वाजता ताब्यात देई? चित्रप्रदर्शनाचे पेगबोर्ड (भोकांचे फलक) कुणाच्या गाडीतून येत, उभे करायला किती माणसं लागत? किती लेखी बोली झाल्या की चित्र तोंडी लिलावात जाई? कॉन-सूटमध्ये (संमेलनाच्या पाहुणचाराच्या खोलीत) बाहेरचं खाणं आणायची मुभा करारात लिहिलेली होती की तोंडीच? बाथटबमध्ये बर्फ भरून शीतपेयं ठेवली, तर तो बर्फ कोण आणे?

सर्वांत महत्त्वाचं, खोल्यांचा हिशेब. ही संमेलनं त्यावरच तगतात: ठरलेल्या खोल्या भरल्या तर सभागृहं फुकट किंवा स्वस्तात, नाही भरल्या तर भाडं आयोजकांच्या डोक्यावर. म्हणून हॉटेलची पत्रं पाहुण्यांच्या फोटोंपेक्षा मोलाची मानतो मी.

दोघांना आधी वेगवेगळं बोलतं करा, एका वेळी ४५ मिनिटं. एकत्र बसवलं की एक सांगतो आणि दुसरा तारखा दुरुस्त करत राहतो. एकत्र बैठक शेवटी घ्या. पडेल ते काम करणारे गोफर म्हणून घरची मुलं राबली असतील तर त्यांनाही विचारा. सामानाची वाट कुठल्या लिफ्टने होती, हे त्यांनाच आठवतं.

तळघर:
सगळं जालावर टाकलं तर चालेल?

कागदकाम:
सभासद-याद्यांत लोकांचे घरचे पत्ते असतात, ते झाका. स्मरणिकेतल्या चित्रांचा हक्क बहुधा चित्रकाराचाच, त्यामुळे आधी विचारा. स्कॅन फॅनॅकच्या (विज्ञानकथा-चाहत्यांचा इतिहास जपणाऱ्या) संकेतस्थळाला देता येतील. मूळ कागदांसाठी आयोवा विद्यापीठ किंवा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतला विज्ञानकथांचा ईटन संग्रह. पण न विचारता खोकी पाठवू नका. आधी वर्षवार यादी आणि खोक्यांची संख्या कळवा.