मदत हवी आहे: बीच, पाणी आणि सोनं, तिन्हीला चालेल असा एकच मेटल डिटेक्टर कोणता?

आडवाटा

मेटल डिटेक्टर घ्यायचा आहे. बीचवर, पाण्यात आणि सोनं शोधायला चालेल असा एकच हवा, दोन-दोन मशीन घेणार नाही. यूट्यूब बघून डोकं पिकलं. एक म्हणतो व्हीएलएफ, दुसरा म्हणतो पल्स, तिसरा म्हणतो मल्टी फ्रिक्वेन्सी. दुकानातला माणूस सगळ्यात महागडा डबा पुढे सरकवतो. थिअरी नको, मॉडेलचं नाव सांगा. शनिवारच्या आत हातात पाहिजे. ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनीच लिहावं ही विनंती.

सर्किटवाला

नाव सांगतो, पण आधी हे सांगा. राहता कुठे? बजेट किती? पाणी म्हणजे गोडं की खारं, आणि किती खोल? सोनं म्हणजे वाळूत पडलेली अंगठी की जमिनीतलं कच्चं सोनं? या दोन सोन्यांची मशीनं वेगळी असतात.

हेदवीकर

कोकणात बीचवर फिरवायचा असेल तर आधी कायदा वाचा. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. हल्ली गडांवर डिटेक्टर घेऊन फिरणारे दिसतात. एक शिवराई उकरून काढली की ती कुठल्या थरात, कशाशेजारी होती ही माहिती कायमची जाते. कृपा करून गडांवर नेऊ नका.

आडवाटा

भारतात नाही हो, मेलबर्नला असतो. प्रोफाइलवर लिहिलंय. गडांचा काही संबंध नाही. पाणी खारं, कमरेइतकं. बजेट दोन हजार डॉलरपर्यंत, फारच गरज असेल तर थोडं वर.

सर्किटवाला

मग सोपं आहे. मल्टी फ्रिक्वेन्सी घ्या, मायनलॅबचा इक्विनॉक्स ९००. पाच मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे, बीच मोड आहे, गोल्ड मोड आहे, ११ इंची आणि ६ इंची दोन कॉइल, म्हणजे वाळूवर फिरवायच्या तबकड्या, सोबत येतात. ७०० स्वस्त आहे पण त्यात गोल्ड मोड नाही, तेव्हा तो घेऊ नका.

थिअरी नको म्हणालात तरी एवढं वाचा. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. व्हीएलएफ म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी सतत सोडणारं मशीन. एकाच फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ ओल्या वाळूवर नेलं की ते समुद्रालाच धातू समजून कुरकुरत राहतं. ते थांबवायला सेन्सिटिव्हिटी खाली आणली की बारीक वस्तू हातच्या जातात. मल्टी फ्रिक्वेन्सी मशीन एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी तपासून मिठाचा सिग्नल वजा करतं. कोरड्या वाळूत साधं मशीनही चालतं, खरा फरक ओल्या वाळूत आणि पाण्यात पडतो.

लालमाती_पर्थ

सर्किटवाला यांच्याशी बीचपुरता सहमत, सोन्याच्या बाबतीत अजिबात नाही. मी कालगुर्लीच्या बाजूला बरीच वर्षं फिरतोय. ऑस्ट्रेलियातली सोन्याची माती म्हणजे लोहखनिजाने भरलेली लाल माती. त्यात व्हीएलएफ मशीन, मल्टी असो वा सिंगल, दर पावलाला दगडावर ओरडतं. इथे पल्स इंडक्शनच लागतं. पल्स मशीन करंटचा झटका देऊन थांबतं आणि धातूत उठलेला करंट कसा विरत जातो ते ऐकतं. त्यामुळे मातीचा त्रास खूप कमी होतो.

एकच मशीन हवं ना? मायनलॅबचंच एसडीसी २३००. पल्स आहे, तीन मीटर पाण्यात चालतं, घडी करून सॅकमध्ये जातं, अर्ध्या ग्रॅमच्या आतले कण पकडतं. बजेट वाढवा, नाहीतर जुनं बघा. त्यांच्याच जीपीएक्स ६००० च्या मोहात पडू नका. सोन्यासाठी ते अफलातून आहे, पण पाण्यात बुडवायचं नाही.

सर्किटवाला

एसडीसीची किंमत यांच्या बजेटच्या दुपटीच्या वर जाते. शिवाय त्यात लोखंड आणि सोनं वेगळं सांगायची सोय नाही. शहराजवळच्या बीचवर बाटल्यांची झाकणं, खिळे, केसांच्या पिना आणि कॅनच्या चाव्या यांचा खच असतो. माणूस संध्याकाळपर्यंत कचराच उपसेल.

आणि व्हीएलएफने सोनं मिळत नाही हे कोणी सांगितलं? १९८० साली व्हिक्टोरियात किंगोवरला 'हँड ऑफ फेथ' सापडला तो त्या काळच्या गॅरेटच्या डिटेक्टरने. २७ किलोचा गोळा!

लालमाती_पर्थ

२७ किलोचा गोळा कुठलंही मशीन दाखवेल. तसे गोळे उचलून झाले. आता जे उरलंय ते ग्रॅमातलं आणि खोल. व्हिक्टोरियाच्या त्याच जमिनी लोकांनी ऐंशीच्या दशकात व्हीएलएफने पिंजून काढल्या होत्या. नव्वदच्या दशकात पल्स मशीनं आली आणि तिथेच पुन्हा सोनं निघालं. हा पुरावा पुरेसा आहे.

मंडळ_सुरक्षा

आमच्या गणेशोत्सव मंडळात दोन वर्षांपासून डोअर फ्रेम डिटेक्टर भाड्याने आणतो. सहा झोनवाला घ्या, एका झोनवाल्यात नेमकी कुठे वस्तू आहे ते कळत नाही. सोबत एक हँड हेल्ड ठेवा. फ्रेम लोखंडी बॅरिकेडपासून लांब उभी करा, नाहीतर सतत वाजत राहते. बायकांच्या रांगेला महिला स्वयंसेवक हवीच.

आडवाटा

मंडळ_सुरक्षा, धन्यवाद, पण मला ते नको आहे.

बाकीच्यांनी भांडू नका हो. एक म्हणताय ९००, एक म्हणताय एसडीसी. मी तिथेच अडकलो होतो, अजून तिथेच आहे.

रंकाळा_काठ

भावा, हजारो डॉलर कशाला घालवतोस? आमच्याकडे कोल्हापूरच्या गुजरीत झारेकरी आहेत. सोनारांच्या दुकानापुढची धूळ आणि गटारातला गाळ पाटीत धुऊन सोन्याचे कण काढतात, त्यावर घरं चालतात. त्यांना कुठला डिटेक्टर? सोनं जड असतं, पाणी फिरवत राहिलं की माती निघून जाते आणि सोनं तळाला बसतं. एक पाटी घे आणि ओढ्यात बस.

बॅलरॅटची_वैनी

रंकाळा_काठ यांचं म्हणणं उडवून लावू नका. इथल्या ओढ्यांत आजही पॅनने बारीक सोनं निघतं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी पॅनच हातात देते. नवशिक्याला सोन्याचा कण बघायला मिळायची शक्यता त्यात जास्त.

आडवाटा, आता तुमच्यासाठी. व्हिक्टोरियात सोनं शोधायला मायनर्स राइट नावाचा परवाना लागतो. ऑनलाइन मिळतो, दहा वर्षं चालतो, सापडलेलं सोनं तुमचं. पण बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते, फक्त हाताची अवजारं वापरायची आणि खड्डा बुजवूनच निघायचं. जुन्या खाणकामाच्या आणि आदिवासींच्या वारसा जागांना हात लावायचा नाही. पाण्यातही तेच. ७५ वर्षांपेक्षा जुनी बुडालेली जहाजं कायद्याने संरक्षित आहेत, त्यांच्याजवळ खणू नका. बीच ज्या कौन्सिलच्या ताब्यात असेल त्यांचे नियमही बघून ठेवा.

एक विचारते. सोन्याच्या शोधाला शनिवारची घाई नसते. डनॉली आणि मोलियागुल ही सोन्याची गावं कुठे पळून जात नाहीत. शनिवारीच का हवंय?

आडवाटा

वैनी, खरं सांगतो. आईबाबा साताऱ्याहून आलेत. रविवारी ब्रायटनच्या बीचवर गेलो होतो. आई पाण्यात उतरली होती, लाट आली, तोल गेला, सावरली. घरी आल्यावर लक्षात आलं की मंगळसूत्र गळ्यात नाही. बुधवारी त्यांचं परतीचं विमान आहे. ती काही बोलत नाही, पण जेवण निम्म्यावर आलंय. सोनं शोधायला ऑफिसातले मित्र ईस्टरला जाणार आहेत, म्हणून म्हटलं एकाच खर्चात दोन्ही होईल.

सर्किटवाला

अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं! सगळं उत्तर बदललं.

मंगळसूत्र कसं आहे ते नीट सांगा. सोन्याच्या साखळीचं की दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांचं? वाट्या केवढ्या? भरीव की पत्र्याच्या?

आडवाटा

जुनं आहे, आजीने घडवलेलं. दोन वाट्या, पत्र्याच्या, आत लाख भरलेली. मणी सोन्याच्या बारीक तारेत गुंफलेत. मागे थोडी साखळी आणि एस. याने काय फरक पडतो?

सर्किटवाला

खूप पडतो. डिटेक्टर वस्तूत गोल फिरणारा करंट उठवतो आणि तो मोजतो. अंगठी म्हणजे बंद कडं, तिच्यात तो छान फिरतो. बारीक साखळीत प्रत्येक कडी सुटी पडते आणि मशीनला साखळी दिसतच नाही, एकेक इवलीशी कडी दिसते. तारेचंही तसंच. काचेचे मणी तर नाहीतच. तुमच्याकडे दिसण्यासारख्या वस्तू दोनच, त्या वाट्या. लाखेचा त्रास नाही, पत्रा सलग असेल तर सिग्नल देईल. पण तो येईल चॉकलेटच्या चांदीइतका, मशीनच्या पडद्यावर खालच्या आकड्यावर. म्हणून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सोय, पूर्ण बंद ठेवा. फॉइलचे आकडे गाळायची सवय असलेला माणूस नेमकं तेच गाळून पुढे जाईल.

खोलीची आशा मर्यादित ठेवा. एवढ्या वस्तूला वीतभर, फार तर थोडं जास्त. मीटर-दोन मीटर खालचं सोनं दाखवतो म्हणून ऑनलाइन विकली जाणारी अँटेनावाली यंत्रं शुद्ध फसवणूक आहे, कोणी सुचवली तर पैसे देऊ नका.

लालमाती_पर्थ

अशा बारीक, पातळ सोन्याला एसडीसी मल्टीपेक्षा सरस आहे, हे मी पुन्हा लिहितो. कचरा उपसावा लागेल हे मान्य. पण एका ठरावीक जागेत, एका ठरावीक वस्तूसाठी कचरा उपसायला काय हरकत आहे? विकत घेऊ नका, भाड्याने आणा.

सर्किटवाला

या एका कामासाठी मान्य. माझा आक्षेप विकत घेण्यावर होता.

हेदवीकर

ओहोटीला जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात मागे हटतं, तेव्हा कमरेइतक्या पाण्यातली जागा उघडी पडते. आमच्याकडे वहाळाच्या तोंडाशी हरवलेली बांगडी अशीच मिळाली होती, डिटेक्टरशिवाय.

बॅलरॅटची_वैनी

हेदवीकर, कोकणात ते खरं आहे. पण ब्रायटन पोर्ट फिलिप बेच्या आत आहे. खाडीचं तोंड अरुंद, म्हणून भरती-ओहोटीत मीटरभराचाही फरक पडत नाही. जागा उघडी पडणार नाही, पाण्यातच शोधावं लागेल. दुसरी बाजू चांगली आहे. आत मोठ्या लाटा नसल्यामुळे वस्तू फार वाहून जात नाही. वारा जोराचा झाला तर वाळू वरून बसते, म्हणून उशीर नको.

आडवाटा, मशीन घेऊन तुम्ही स्वतः शिकत बसू नका. पहिल्या दिवशी कोणालाच त्याची भाषा कळत नाही. हरवलेले दागिने शोधून देणारे हौशी लोक मेलबर्नमध्ये आहेत. पाण्यात उतरायचा सूट, वाळू उपसायचा लांब दांड्याचा स्टीलचा जाळीदार स्कूप, सगळं त्यांच्याकडे असतं. बरेच जण पेट्रोलचे पैसे आणि मिळालं तर खुशीने द्याल ते घेतात. आमच्या ओळखीत एक जोडपं आहे, व्यनि (खासगी निरोप) करते. तोवर रविवारचे सगळे फोटो काढा. आईंच्या गळ्यात मंगळसूत्र दिसतंय असा शेवटचा फोटो आणि दिसत नाही असा पहिला, दोन्हींच्या वेळा लिहून घ्या. मागे बेदिंग बॉक्सपैकी (किनाऱ्यावरच्या त्या रंगीत लाकडी खोल्या) कुठला रंग दिसतो त्यावरून जागा सापडते. आणि पोलिस ठाण्यात हरवल्याची नोंद करा, कोणीतरी उचलून जमाही केलं असेल.

आडवाटा

फोटो आहेत! बाबांनी काढलेले. एकात पिवळ्या दाराचा बॉक्स मागे आहे आणि गळ्यात स्पष्ट दिसतंय. पुढच्यात आई टॉवेल गुंडाळून आहे, त्यात कळत नाही. मधली अकरा मिनिटं.

व्यनि मिळाला, फोनवर बोललो. उद्या सकाळी सातला येतायत, त्यांच्याकडे दोन मशीनं आहेत, एक पल्स, एक मल्टी. मी काय तयारी ठेवू?

सर्किटवाला

पन्नास मीटरची दोरी आणि चार खुंट्या. पिवळ्या दारासमोर किनाऱ्याला समांतर दोरी बांधा आणि एकेक मीटर सरकवत जा, म्हणजे तीच जागा पुन्हा पुन्हा तपासली जाणार नाही. आधी मल्टीने, मग तोच पट्टा पल्सने. आईंची दुसरी कुठली पातळ सोन्याची वस्तू घरात असेल तर ती दोऱ्याला बांधून त्यांना द्या. वाळूत पुरून आवाज कसा येतो ते दोघं आधी ऐकतील. स्कूपची जाळी बारीक आहे का ते विचारा, मोठ्या भोकांतून मणी आणि साखळी निसटेल. वाटी मिळाली तर तिथे थांबा, आजूबाजूची वाळू बादलीत भरून किनाऱ्यावर आणा आणि हाताने चाळा.

रंकाळा_काठ

बादलीतली वाळू पाटीत धुवा. आता पाटीच लागणार.

मंडळ_सुरक्षा

आमचा हँड हेल्ड पाण्यात चालेल का? कोणी सांगेल का?

लालमाती_पर्थ

नाही. वेगळा धागा काढा.

आडवाटा, ईस्टरचं मशीन आत्ता घेऊ नका. वेडरबर्न-डनॉली भागात जाल तेव्हा तिथे एक दिवस भाड्याने पल्स घ्या, मग बोलू. आणि उद्या काय होतं ते इथे लिहा.

आडवाटा

लिहितो. दोरी गॅरेजमध्ये आहे. आईच्या कानातल्या कुड्या बांधायला घेतल्यात, ती स्वतःच येते म्हणतेय.