सहानुभूती मिळवलेल्या खलनायकाला शेवटी क्रूर करणे अपरिहार्य असते का?

अर्धविराम

(पुढे दोन मालिकांचे शेवट उघड होतात; ज्यांनी त्या पाहिलेल्या नाहीत त्यांनी येथेच थांबावे.)

‘एक्स-मेन’ची १९९२ ते १९९७ या काळातील ॲनिमेशन मालिका आणि तिचेच कथानक पुढे नेणारी २०२४ मधील दहा भागांची ‘एक्स-मेन ९७’ मी नुकत्याच लागोपाठ पाहिल्या. दोन्हींच्या शेवटी मॅग्नेटो, म्हणजे धातूंवर हुकूमत असलेला म्यूटंट (जन्मजात अतिमानवी शक्ती असलेला माणूस), केंद्रस्थानी आहे. जुन्या मालिकेच्या अखेरच्या भागात त्याचा जुना मित्र आणि एक्स-मेनचा गुरू झेवियर मरणासन्न असतो, जेनोशा या बेटावर म्यूटंटांचे सैन्य मॅग्नेटोच्या आज्ञेची वाट पाहत असते, आणि ज्या युद्धाची भाषा तो आयुष्यभर बोलत आला ते हाताशी आलेले असताना तो मित्रासाठी ते सोडून निघतो. नव्या मालिकेत मात्र तो विद्युतचुंबकीय आघात करून साऱ्या पृथ्वीवरील वीजयंत्रणा बंद पाडतो आणि नवव्या भागात एक्स-मेनपैकी वुल्व्हरिनच्या हाडांवरील धातू शरीरातून उपसून काढतो.

नव्या मालिकेत जेनोशातील म्यूटंटांचे जे हत्याकांड होते, त्यानंतर माझी सहानुभूती पूर्णपणे त्याच्याकडे होती. त्यामुळे शेवट पाहताना असा संशय आला की, एवढ्या संहारानंतरही माणसांशी शांततेने का राहायचे, या मॅग्नेटोच्या प्रश्नाला लेखकांकडे उत्तर नव्हते, म्हणून त्यांनी त्याच्या हातून काहीतरी भयंकर करवून घेतले, जेणेकरून नायकांना त्याच्याशी वाद घालावा लागू नये, केवळ लढता यावे. इतरांना काय वाटते?

जुना अंक

ही तक्रार अनेक मालिकांच्या बाबतीत रास्त आहे, पण आपण उदाहरण चुकीचे निवडले आहे, असे मला वाटते. तो आघात होतो तेव्हा काय चाललेले असते, ते आठवून पाहावे. नव्या मालिकेतील खलनायक बॅस्टियनने माणसांचेच सेंटिनेल, म्हणजे म्यूटंटांना मारणारे यंत्रमानव, बनवलेले आहेत आणि ते जगभर म्यूटंटांची शिकार करीत आहेत. मॅग्नेटोच्या आघाताने ते जागच्या जागी कोसळतात. म्हणजे ज्या कृतीने तो अवघ्या मानवजातीला वेठीस धरतो, त्याच कृतीने तो आपल्या लोकांना वाचवतोही. हे लेखकांनी सोयीसाठी लावलेले ठिगळ नव्हे. त्याला कैदेतून सोडवणारी व्हॅलरी कूपर तर स्वतः बॅस्टियनच्या बाजूने काम केलेली बाई आहे, आणि मॅग्नेटोचेच म्हणणे खरे होते अशी कबुली ती देते.

वुल्व्हरिनचा प्रसंगही या मालिकेने नव्याने रचलेला नाही. तो ‘एक्स-मेन’च्या नव्या कॉमिक मालिकेच्या १९९३ मधील २५ व्या अंकातून आला आहे. शिवाय आधी वुल्व्हरिननेच मॅग्नेटोला आपले पंजे खुपसले होते, हे विसरता कामा नये. (तो अंक मी शाळेत असताना मित्राकडून आणून वाचला होता आणि त्यानंतर कित्येक दिवस वुल्व्हरिनचे चित्र काढले नव्हते.)

मॅग्नेटो १९६३ मध्ये मूळ कॉमिक मालिकेच्या पहिल्याच अंकात आला तेव्हा निव्वळ खलनायक होता. त्याच मालिकेच्या १९८१ मधील १५० व्या अंकात लेखक ख्रिस क्लेअरमॉन्ट यांनी त्याला आउश्वित्झ या नाझी छळछावणीचा भूतकाळ दिला. पण कसा, ते पाहण्यासारखे आहे. लढाईच्या भरात तो एक्स-मेनमधील किटी प्राइडला जवळजवळ ठार मारतो. ती ज्यू मुलगी आहे, जेमतेम तेरा-चौदा वर्षांची. ती निपचित पडलेली पाहून आपण कोण होऊन बसलो आहोत हे त्याला उमगते. येथे क्रौर्य आणि सहानुभूती एकाच चौकटीत आहेत, आणि क्रौर्य काढून टाकले तर सहानुभूतीलाही आधार उरत नाही.

तिसरी खिडकी

अर्धविराम यांचा संशय ज्या पात्राला नेमका लागू पडतो ते म्हणजे २०२१ मधील ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’मधील कार्ली मॉर्गेन्थाऊ. विस्थापितांबद्दलचे तिचे म्हणणे इतके बिनतोड होते की तिसऱ्या भागात तिच्याकडून माणसे आत असलेली इमारत उडवून देण्यात आली. त्या क्षणापर्यंतच्या तिच्या स्वभावात त्या कृत्याचे बीज मला तरी दिसले नाही. सहाव्या आणि शेवटच्या भागात तिला गोळी घातली जाते, आणि मग तिचे मुद्दे सत्ताधाऱ्यांपुढे मांडतो कोण, तर मालिकेचा नायक सॅम! वाद जिवंत ठेवायचा आणि वादी मारायचा, हा प्रकार मला अप्रामाणिक वाटला.

पैलतीर

मॅग्नेटोबद्दल बोलताना सर्वजण झेवियरला सोडून देत आहेत. दुसऱ्याच्या मनावर बळजबरीने ताबा मिळवणे त्याच्या स्वतःच्या शिकवणीतच बसत नाही, आणि तरीही तो मॅग्नेटोचे मन ताब्यात घेतो. मॅग्नेटोला केवळ हरवायचेच असते तर लेखकांनी हे काम एखाद्या ठोशावर भागवले असते. त्यांनी झेवियरला शेवटच्या भागात त्याच मोडलेल्या मनात उतरवून मित्राला शोधायला लावले. जुन्या मालिकेत मॅग्नेटो झेवियरसाठी सैन्य सोडून येतो आणि येथे झेवियर मॅग्नेटोसाठी थांबतो, असे मी दोन्ही शेवट जोडून पाहतो.

अर्धविराम

सेंटिनेल कोसळतात हा तपशील माझ्या लेखी दुय्यम राहिला होता, ही माझी चूक. तो गृहीत धरला तर ठिगळाचा आरोप मागे घ्यावा लागेल. मात्र सेंटिनेल पडल्यानंतरही तो पृथ्वी पूर्ववत करण्यास नकार देतो, तेथे माझी सहानुभूती अजूनही अडते. झेवियरने मनाचा ताबा घेतला ती कृती मी नायकाचा नाइलाज म्हणून सोडून दिली होती. आठव्यापासून तिन्ही भाग पुन्हा पाहतो आणि मग लिहितो.